साडेसातशेचा फुलपाखरांचा पिंजरा: जाळी झकास, शिलाई कच्ची

नागपुरात महाल भागात माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, घराच्याच पडवीत. बावीस वर्षं मशीन चालवते. त्यामुळे कोणतीही शिवलेली वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करून बघते. ऑनलाइन मागवलेला हा घडीचा पिंजराही उलटाच करून पाहिला आणि पहिला स्टार तिथेच कापला.

आता शिवणकाम करणाऱ्या बाईला फुलपाखरांचा पिंजरा कशाला लागला? अंगणात गोडनिंबाचं झाड आहे. पुण्यामुंबईचे लोक कढीपत्ता म्हणतात तेच. दर पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर चिमणीची घाण पडल्यासारखं काहीतरी दिसायचं आणि मी ते झाडूच्या काडीने पाडायची. यंदा जुलैत एक गिऱ्हाईक मॅडम माप द्यायला आल्या होत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. माझ्या हातातली काडी बघून त्या ओरडल्याच, "अहो ताई, थांबा! ती घाण नाही, अळी आहे. लाइम बटरफ्लायची." पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती लहानपणी विष्ठेचं सोंग घेते म्हणे. आणि मी बावीस वर्षं त्या सोंगाला फसून राहिली होती, बाप्पा!

मॅडमनीच पानावरचं अंडंही दाखवलं. मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल. आपल्या अंगणातलीच अंडी घ्या, फुलपाखरू झालं की तिथेच सोडा, एवढं त्यांनी बजावलं. काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे रानातून दिसेल ते उचलून आणायचं नाही.

त्याच रात्री मोबाइलवर पिंजरा शोधला. ७४९ रुपये. चार दिवसांत आला. खोक्यावर केशरी-काळं देखणं फुलपाखरू. मॅडम म्हणाल्या, हे मोनार्क, अमेरिकेतलं, आपल्याकडे नसतं. आपल्याकडे त्याच्यासारखा दिसतो तो प्लेन टायगर. त्याची अळी रुईवर असते आणि रुई तर नागपुरात कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर उगवते. खोक्यातल्या कागदावर अळीला काय खाऊ घालायचं ते लिहिलं होतं, तेही अमेरिकेतलंच. म्हणजे तो कागद पान पुसायच्या कामाचा.

आता वस्तूबद्दल. माप लिहिलंय ४० बाय ४० बाय ६० सेंटिमीटर. टेप लावला तर उंची ५८ भरली. कापड आटलं असेल म्हणून सोडून दिलं. जाळी मात्र खरंच चांगली आहे. मऊ नायलॉन, बोट फिरवलं तर खरखरत नाही, भोकं इतकी बारीक की मुंगी शिरत नाही. लेहेंग्यात घालतो त्या कॅनकॅनसारखी कडक जाळी असती तर फुलपाखराचे पंख घासून फाटले असते. ज्याने ही जाळी निवडली त्याला काम कळतं. ज्याने शिवली त्याला कळत नाही.

आतल्या शिवणी उघड्या आहेत. इंटरलॉक नाही, पायपिंग नाही, पाऊण सेंटिमीटर कापड तसंच लोंबतंय. ब्लाउजला असं केलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. लहान अळ्या त्या घडीत जाऊन बसतात, साफ करताना बोटाखाली चिरडायची भीती. समोरच्या चेनचा रनर कोपऱ्यावर पूर्ण जात नाही, गव्हाचा दाणा जाईल एवढी फट राहते. ही फट मला चांगलीच नडली.

पहिल्या खेपेला अकरा अंडी होती. तीन दिवसांत अळ्या निघाल्या आणि निघाल्या निघाल्या स्वतःच्या अंड्याचं टरफल खाल्लं. पुढचे दोन आठवडे माझं शिवणकाम मागे पडलं, हे खरं सांगते. अळी मध्येच एक दिवस गप्प बसते, खात नाही. मी घाबरले, मेली समजले. ती कात टाकत असते. मग जुन्या कातड्यातून बाहेर येते, जरा दम खाते आणि ते कातडंही खाऊन टाकते. शेवटची कात टाकली की विष्ठेचं सोंग संपतं आणि हिरवीगार, बोटाएवढी अळी समोर येते. तिला चुकून बोट लागलं तर डोक्यामागून तांबडी दोन टोकांची शिंगं बाहेर काढते आणि कुजलेल्या लिंबासारखा भपकारा सोडते. माझी भाची त्या वासापायी दोन दिवस पडवीत आली नाही.

याच वेळी काटोलचा दीर आला होता. त्याची संत्र्याची बाग आहे. त्याने अळ्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, आमी या अळीवर फवारणीले पैसे घालतो अन् तुमी तिले पाळून राहिल्या!" त्याचंही खरं आहे. लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या रोपांवर ही अळी आली की पानं शिल्लक ठेवत नाही.

तर फट. कोष करायची वेळ आली की अळी एकदा पातळ लेंडी टाकते, खाणं सोडते आणि जागा शोधत फिरत सुटते. माझी एक अळी त्या कोपऱ्यातून निसटली. सकाळी पिंजऱ्यात दहाच. घर धुंडाळलं, सापडली नाही. दोन दिवसांनी बॉबिन बदलायला वाकले तर मशीनच्या लाकडी फळीखाली कोष. शेपटी एका रेशमी गादीत अडकवलेली आणि कंबरेभोवती एकच दोरा, दोन्ही बाजूंनी लाकडाला चिकटवलेला. एवढ्या वजनाला दोनच टाके, आणि ते नऊ दिवस उसवले नाहीत. पिंजऱ्यातले हिरव्या काडीवरचे कोष हिरवे झाले होते आणि हा मात्र लाकडासारखा तपकिरी. आजूबाजूला जसं असेल तसा रंग धरतो. नऊ दिवस ते मशीन बंद, गिऱ्हाइकांना सांगितलं की मोटर जळाली.

त्या दिवसांत मी पिंजऱ्यावर काम केलं. चेनच्या कोपऱ्यात पट्टी लावली, आतून सगळीकडे पायपिंग फिरवलं आणि बाजूला मनगट जाईल अशी इलॅस्टिकची बाही शिवली, म्हणजे पानं बदलायला चेन उघडावीच लागत नाही. एका बाजूला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी होती, तीही कापून जाळी लावली. पावसात त्यावर आतून पाणी धरायचं आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकवर नुकत्या निघालेल्या फुलपाखराचे पाय टिकत नाहीत. टेबलाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. आई पूर्वी दुधाच्या जाळीच्या कपाटाला करायची तेच, मुंग्यांसाठी.

एक गोष्ट पिंजऱ्याच्या खात्यावर लिहिता येणार नाही. पानं संपली म्हणून मी एका नर्सरीतून गोडनिंबाची दोन रोपं आणली. तजेलदार, एकही पान कुरतडलेलं नाही. तिथेच शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चार अळ्या लुळ्या पडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी. नर्सरीवाल्याला जाऊन विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, अळी लागू नये म्हणूनच तर औषध मारतो." काय बोलणार! ती रोपं आता वेगळी ठेवली आहेत, नवी पालवी तीनदा येऊन गेल्याशिवाय वापरणार नाही.

म्हणजे चार तिथे गेल्या. एका कोषाला बारीक भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी मुंगीएवढ्या परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. पिंजऱ्यात भोक पाडून कोणी आलं असेल असं वाटत नाही. तो कोष एक दिवस मी ऊन मिळावं म्हणून काडीसकट बाहेर अंगणात ठेवला होता. चूक माझी. उरले सहा, मशीनखालचा धरून.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पहिलं निघालं. आदल्या संध्याकाळी कोष काळपट होऊन आतले पिवळट ठिपके दिसायला लागले होते, म्हणून मी पहाटेच उठले. बाहेर मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल सुरू व्हायचे होते. कोष डोक्याकडून फाटला आणि जे बाहेर आलं ते भिजलेल्या जॉर्जेटचा बोळा होता. मी म्हटलं, गेलं, वाया गेलं. ते जाळी पकडत वर चढलं, उलटं लटकलं आणि पंख हळूहळू सुटायला लागले, इस्त्री केल्यासारखे. वीस मिनिटांत सुरकुती नाही. पण लगेच उडत नाही, पंख वाळायला दोन तास गेले. तेवढा वेळ त्याला पकडायला खरखरीत उभी भिंत लागते, आणि या पिंजऱ्याचे पैसे खरे वसूल होतात ते इथे. भाची विचारत होती, हेच का आपलं राज्य फुलपाखरू? ते नाही. २०१५ मध्ये जाहीर झालं ते ब्लू मॉर्मन, राणी पाकोळी. निळं, बरंच मोठं. आमचं काळं-पिवळट, मागच्या पंखावर लाल ठिपक्याचं, गोडनिंबावरून दोन चकरा मारून शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलं.

तर घ्यावा का? कोष आणि फुलपाखरू निघण्यासाठी, हो. अळ्यांसाठी एवढे पैसे घालू नका. लहान अळ्यांना संत्रा बर्फीचा पारदर्शक डबा बरा, तळाशी टिश्यू, रोज लेंड्या झाडायच्या आणि झाकण उघडून हवा द्यायची. आपल्या उन्हाळ्यात तर जाळीच्या पिंजऱ्यात तोडलेलं पान दुपारपर्यंत कुरकुरीत होतं, आणि कूलरसमोर ठेवला तर पिंजराच आडवा होतो, इतका हलका आहे. मोठ्या अळ्यांसाठी मी इतवारीतून मीटरभर नायलॉन नेट आणलं, दोन्ही तोंडांना परकरासारखी नाडी घातली आणि ती पिशवी झाडाच्या फांदीवरच चढवली. ताजं पान, तोडणं नाही, आणणं नाही. बांधण्याआधी फांदी नीट झटका. पहिल्यांदा मी आत एक कोळीसुद्धा बांधला होता.

जाळीला पाचपैकी पाच, शिलाईला एक, म्हणून एकूण तीन स्टार. विक्रेत्याकडे चेनच्या फटीची तक्रार केली होती. त्यांनी फोटो मागवले, मी पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं की ग्राहकाने वस्तूत बदल केल्यामुळे ती परत घेता येणार नाही. बाही शिवलेली दिसली असणार.