रंगीत जीआय की रंगीत गॅल्व्हल्यूम? पडवीचा पत्रा ठरवताना

पडवीवर कौलंच ठेवायची की पत्रा घालायचा, हा वाद आमच्याकडे वांदरांनी मिटवला. एका शिमग्यात त्यांनी निम्मी पडवी उघडी केली आणि आईसुद्धा म्हणाली, "घाला बाबा तो पत्रा." रंगही तिनेच ठरवला, विटकरी, लांबून कौलासारखा दिसावा म्हणून. राहिला तो प्रश्न दुकानात कोणी धड सांगत नाही. रंगाखाली काय हवं? लोखंडावर नुसता जस्ताचा मुलामा, म्हणजे रंगीत जीआय, की जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा, म्हणजे गॅल्व्हल्यूम?

मी दोन्ही घातलेत. २०१६ च्या मे महिन्यात पुढच्या पडवीवर गॅल्व्हल्यूम, २०१९ मध्ये गोठ्यावर जीआय. मधल्या काळात मेहुण्याने दाभोळ खाडीच्या काठावर जाळी-इंजिनं ठेवायची शेड बांधली, तीही गॅल्व्हल्यूमची. गाव चिपळूण तालुक्यातलं, भिंती चिऱ्याच्या, पाऊस कसा ते सांगायला नको. एवढ्या अनुभवावर बोलतोय. दुसऱ्याच्या छपराचा अनुभव वेगळा असू शकतो.

शीटची जाडी, लांबी, प्रोफाइल (म्हणजे पत्र्याच्या लाटांचा आकार) हे तुम्ही पाहिलेलंच असेल. रंगाच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं काही नाही, कारण रंग दोन्हींवर तोच चढतो. वर साधारण ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रायमर आणि २० च्या आसपास टॉप कोट, पाठीला मात्र ५ ते ७ मायक्रॉनचा करडा थर. साधा पॉलिएस्टर लवकर पांढुरका पडतो, सिलिकॉन मिसळलेला जास्त टिकतो, पीव्हीडीएफ सगळ्यात जास्त आणि सगळ्यात महाग. पडवीला पीव्हीडीएफ घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. उकाड्याचंही तसंच. उघडा गॅल्व्हल्यूम ऊन चांगलं परतवतो, पण एकदा रंग चढला की फरक रंगाच्या छटेचा उरतो. पावसाचा आवाज दोघांचा सारखाच, बातम्या ऐकू येत नाहीत.

पाठीचा तो पातळ थर तेवढा लक्षात ठेवा. माझा निर्णय तिथेच झाला.

आधी ग्रॅमचा घोळ. दुकानदार सांगतो की गॅल्व्हल्यूम जीआयच्या कितीतरी पट टिकतो. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या रंगीत जीआयवर पुष्कळदा १२० ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम. जाडी काढली तर एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. गॅल्व्हल्यूम बहुधा १५० ग्रॅमचा, पण त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम. हलका धातू असल्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये एका बाजूला २० मायक्रॉनचा थर बसतो. साडेआठशी वीसची कुस्ती लावली तर निकाल काय लागणार? बरोबरीची जोडी लावायची तर जस्त २७५ ग्रॅम हवं, तेव्हा कुठे एका बाजूला १९ मायक्रॉन होतात. तसं लावलं तरी मोकळ्या हवेत, पावसाने धुऊन निघणाऱ्या छपरावर गॅल्व्हल्यूमच पुढे राहतो, हे मला मान्य आहे.

मेहुण्याची शेड त्याचा पुरावा. लोखंडी खांब, पत्र्याखाली लोखंडी पर्लिन, म्हणजे आडवे वासे, तीन बाजू उघड्या, खारा वारा थेट अंगावर. वरून आजही पत्रा नवा वाटतो. गंज दिसला तो फक्त ओरीच्या आतल्या बाजूला, जिथे वाऱ्याबरोबर मीठ येऊन बसतं पण पाऊस पोचत नाही. आता तो गणपतीला घर धुताना शेडची ओरीही आतून पाइपने धुतो. तशी शेड बांधायची असेल तर गॅल्व्हल्यूम घ्या आणि पुढचं वाचू नका.

वजनातही गॅल्व्हल्यूमचा थोडा फायदा होतो. पत्रा रनिंग फुटावर घेतला तर कळत नाही, पण कॉइल, म्हणजे कारखान्यातून येणारं पत्र्याचं भेंडोळं, किलोवर येते. ०.५० मिमी जाडीची दहा फुटी शीट गॅल्व्हल्यूममध्ये साधारण सव्वातेरा किलो भरते, २७५ च्या जीआयमध्ये पावणेचौदाच्या आसपास. जाडी तीच, मुलामा हलका, म्हणून टनामागे थोडी लांबी जास्त मिळते. (०.५० म्हणजे रंगासकट. आतलं लोखंड ०.४३ च्या जवळपास. हे विचारल्यावर समोरचा माणूस कसा बघतो त्यावरून दुकान कळतं.)

आता माझी पडवी.

पत्रा चढवणारी पोरं दोन दिवसांत काम करून गेली. काम चांगलं होतं. स्क्रू सरळ, रबराचे वायसर नीट बसलेले, ड्रिलचा किस झाडूने काढलेला. तिसऱ्या दिवशी गवंडी आला. चिऱ्याच्या भिंतीचा माथा आणि पत्र्याची पाठ यांच्यामध्ये प्रत्येक नाळीखाली फट राहते. तिथून उंदीर येतात, वटवाघळं येतात, पावसाळ्यात कधी धामणही. त्या फटी बुजवायला म्हणूनच त्याला बोलावलं होतं. त्याने घमेल्यात माल कालवला आणि थापीने एकेका नाळीत ठासायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "मिस्त्री, पत्र्याला सिमेंट नको हो लावू."

"मग काय लावू? गूळ?"

"फोमच्या पट्ट्या मिळतात, प्रोफाइलच्या मापाच्या."

"उंदीर महिन्यात कुरतडतील. उद्या तुम्हीच फोन कराल, मिस्त्री उंदीर आले म्हणून. चाळीस वर्षं हेच करतोय मी." मग वर चढून पत्रा जिथे घराच्या मुख्य भिंतीला भिडतो तो सांधाही त्याने सिमेंटने वाटा मारून बंद केला. वरून पाणी मारायला मलाच सांगितलं. मी सात दिवस मारलं.

२०१८ च्या पावसानंतर वरच्या सांध्यालगत रंगाला बारीक फोड दिसले, मोहरीएवढे. नखाने फोडला तर आत पांढरट-काळसर भुकटी. २०२१ च्या जुलैत ओटीवर झोपाळ्याच्या बरोबर वर पाणी ठिबकायला लागलं. त्याच महिन्यात चिपळूणला पूर आला, त्यामुळे ठिबकणाऱ्या पत्र्याची तक्रार करायची सोय नव्हती. लोकांची घरं गेली होती. आम्ही झोपाळ्याखाली पातेलं ठेवलं. दिवाळीनंतर वर चढून सिमेंट फोडलं, तेव्हा सिमेंटच्या गिलाव्याबरोबर पाठीचा रंग आणि मुलामा दोन्ही पापुद्र्यासारखे निघून आले. उरलेल्या लोखंडात सुईच्या अग्राएवढी भोकं, रांगेत, प्रत्येक नाळीला दोन-तीन. बाकीचा अख्खा पत्रा ठणठणीत! भिंतीला चिकटलेली वीतभर पट्टी तेवढी गेली होती.

कारण नंतर समजलं, आणि समजल्यावर जास्त चिडचिड झाली. ॲल्युमिनियमला अल्कली, म्हणजे चुन्यासारखा क्षार, चालत नाही. ओलं सिमेंट म्हणजे अल्कलीच, आणि कोकणात भिंतीच्या माथ्यावरचं सिमेंट चार महिने सुकतच नाही. वरच्या बाजूला २०-२५ मायक्रॉन रंग थोडा तग धरतो, पाठीच्या ५ मायक्रॉनकडून काय अपेक्षा करणार? जस्तालाही ओलं सिमेंट सुरुवातीला चावतं, पण त्याच्या अंगावर कॅल्शियम-जस्ताची एक साय धरते आणि पुढचं खाणं थांबतं. म्हणूनच काँक्रीटमध्ये जस्त चढवलेल्या सळ्या घालतात. आमच्या मिस्त्रीची चाळीस वर्षं खोटी नव्हती. ती साध्या जीआय पत्र्यावरची होती, एवढंच.

रेती खाडीची होती, हेही सांगून टाकतो. त्यातलं मीठ या पापात भागीदार असणार. सगळं खापर मुलाम्यावर फोडणं बरोबर नाही.

गोठ्याला जीआय घातला तो मात्र दुसऱ्या कारणाने. शेण-मुताची वाफ, म्हणजे अमोनिया, गॅल्व्हल्यूमला मानवत नाही. हमीपत्राचा बारीक मजकूर वाचा, जनावरांचे गोठे आणि कोंबड्यांची शेड त्यातून सहसा वगळलेली असतात. कोंबड्यांची शेड बांधायला निघालेल्या माणसाने हे कॉइल कापायच्या आधी वाचलेलं बरं. आमच्याकडे दोन म्हशी, एक गाय, गोठा तीन बाजूंनी मोकळा. २७५ ग्रॅमचा माल दुकानात नव्हताच, कॉइलला लाटा पाडून शीट कापून देणाऱ्या प्रोफाइलवाल्याला सांगून मागवला, तीन आठवडे थांबलो. रंग फक्त निळा मिळाला. आईला तो अजून आवडत नाही.

फटी बुजवायला मिस्त्री तोच, रेती तीच, थापी बहुधा तीच. या वेळी मी काही बोललो नाही. सहा पावसाळे झाले. गेल्या मार्गशीर्षात एका कोपऱ्यातलं सिमेंट मुद्दाम फोडून पाहिलं. पाठीला पांढरी खरखरीत पुटं आहेत, रंग जागोजाग गेलाय, पण बोटाने दाबलं तर पत्रा पत्र्यासारखा वाजतो. भोक नाही. एका गोठ्यावरून सिद्धांत मांडू नये हे कळतं, आणि मोकळ्या वाऱ्याचा वाटाही यात मोठा असेल. पण बघितलं ते असं आहे.

जीआयचा आणखी एक गुण कापताना कळतो. आपल्याकडे कातर कोणी काढत नाही, कटर चालवतात. ठिणग्या रंगावर पडून जळतात, कडेला रंग करपतो आणि उघडं लोखंड दिसतं. जाड जस्त स्वतः झिजून ती कड बऱ्यापैकी सांभाळून घेतं. गॅल्व्हल्यूमही सांभाळतो, पण त्यातलं जस्त कमी, म्हणून कडेपासून रंग थोडा आत उकलत जातो. माझ्या पडवीच्या ओरीला तो नखभर उकलला आणि थांबला, त्यामुळे त्याची फार तक्रार नाही. हाताने गटर वाकवणाऱ्याला विचारा, तोही जीआयच मागेल. जस्त मऊ असतं, घट्ट घडीला तडकत नाही.

याचा अर्थ गॅल्व्हल्यूम घरावर घालूच नये असा नाही. भिंतीच्या सांध्याला ॲप्रन फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पत्र्याची पट्टी, घ्या, भिंतीत खाच मारून ते आत घाला, सिमेंट त्याच्या वर थांबू द्या. फटींना फोमची पट्टी आणि तिच्या आत, पत्र्याला न टेकता, बारीक जाळी. सीलंट न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारा नको, तो आम्ल सोडतो. एसीचं पाणी किंवा सोलरच्या तांब्याच्या पाइपाचं पाणी पत्र्यावर सोडू नका, ते दोन्ही पत्र्यांना वाईट. हे सगळं करून घेणारा माणूस साइटवर उभा असेल तर गॅल्व्हल्यूम तुम्हाला पश्चात्ताप करू देणार नाही. मुंबईहून शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्याला ते जमणं अवघड आहे.

आणि जीआय घेणार असाल तर ग्रॅम लेखी घ्या. दुकानदार "जस्त सगळ्यांना सारखंच असतं हो" म्हणाला की उठा. रंगीत जीआयचा मानक क्रमांक आयएस १४२४६, रंगीत गॅल्व्हल्यूमचा आयएस १५९६५. कॉइलबरोबर कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यात मुलाम्याचे ग्रॅम लिहिलेले असतात, आणि प्रोफाइलवाल्याकडे त्याची प्रत असते. वाशिंद, तारापूर, कळमेश्वर इथे हा माल आपल्याच राज्यात होतो, तेव्हा कागद लांबून यायचाय ही सबब चालत नाही. २७५ मिळतच नसेल आणि समोर फक्त १२० असेल तर माझी आवड बाजूला ठेवा, गॅल्व्हल्यूम घ्या आणि गवंड्यावर डोळा ठेवा.

येत्या मे महिन्यात मागच्या पडवीचं काम काढलंय. पत्रा जीआयच सांगितलाय, २७५ चा, आणि या वेळी विटकरी मिळेपर्यंत थांबायची तयारी आहे. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "सिमेंटच्या दोन गोणी आणून ठेवा." आणून ठेवल्यात.