1:350 प्रमाणातील ‘एंटरप्राइज’चे रंगकाम : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

एंटरप्राइज या काल्पनिक अवकाशयानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचे 1:350 प्रमाणातील किट जोडून रंगवायला मला पाच महिने लागले. ते पूर्ण होऊन, आतले दिवे लावून, कपाटावर उभे राहिल्याला आता नऊ महिने होत आहेत. काम संपले त्या आठवड्यात मी लिहिले असते तर बहुधा केवळ कौतुकच लिहिले असते. कोणता थर टिकला, कुठून प्रकाश झिरपू लागला आणि कोणता जोड ओझ्याने वाकला हे समजायला काही महिने जावे लागतात, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

1966 साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील हे मूळ यान मॅट जेफरीज यांनी आखले. कथेत त्याची लांबी सुमारे 289 मीटर मानली जाते, म्हणजे या प्रमाणात सुमारे 82.5 सेंटीमीटर. पुढच्या बशीसारख्या भागाचा व्यासच 36 सेंटीमीटर भरतो. बहुतेक मोठ्या काल्पनिक यानांच्या अंगावर नळ्या, खाचा, उंचवटे यांची दाटी असते आणि रंगाऱ्याच्या लहानसहान चुका त्या दाटीत लपून जातात. एंटरप्राइजचे अंग मात्र गुळगुळीत आणि जवळजवळ मोकळे आहे. धुळीचा एक कण, सँडपेपरचा एक ओरखडा किंवा रंगाचा एक ओघळ त्या बशीवर हातभर अंतरावरूनही दिसतो. जोडणीच्या दृष्टीने हे किट मध्यम अवघड म्हणता येईल, पण रंगकामाच्या दृष्टीने मी हाताळलेल्या मॉडेलांपैकी हे सर्वांत कठीण आहे.

रंगाची निवड हा पहिला मोठा प्रश्न. चित्रीकरणासाठी 1964 साली बनवलेले मूळ मॉडेल सुमारे 3.4 मीटर लांबीचे असून 1974 पासून ते अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेकडे आहे. त्याची अनेकदा डागडुजी झाली, पण बशीच्या वरच्या पृष्ठावरचा रंग मूळचाच राहिला आणि 2016 मध्ये पूर्ण झालेल्या जतनकार्यात तोच आधार धरला गेला. तो रंग पडद्यावर भासतो तसा पांढरट किंवा निळसर नाही. किंचित हिरवट झाक असलेला तो करडा आहे. मी त्या छटेच्या जवळचा करडा घेतला आणि त्यात साधारण दहावा भाग पांढरा मिसळला. प्रत्यक्षातली मोठी वस्तू दुरून पाहताना तिचे रंग फिके आणि मवाळ दिसतात, तर छोट्या मॉडेलवर तोच रंग जसाच्या तसा दिला की तो जड, गडद वाटतो. नऊ महिने रोज दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात पाहिल्यानंतर पांढरा मिसळण्याचा निर्णय योग्य होता याची मला खात्री आहे.

मात्र ज्यांना आत दिवे बसवायचे आहेत त्यांनी बाहेरच्या रंगाचा विचार नंतर करावा. स्टायरीन प्लॅस्टिक अर्धपारदर्शक असते. आत एलईडी लावला की सगळे अंग कंदिलासारखे उजळते आणि भिंतींची जाडी, जोडांच्या खुणा, आतले आधार सगळे बाहेरून दिसू लागते. मी आतल्या बाजूला आधी काळ्या रंगाचे दोन हात दिले, त्यावर चंदेरी आणि शेवटी पांढरा, म्हणजे काळ्याने प्रकाश अडवावा आणि पांढऱ्याने तो आतल्या आत पसरवावा. प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत, आत प्रखर दिवा धरून तपासला. सपाट भागांवर हे पुरेसे ठरले. बशीच्या कडेला, जिथे वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना भेटतात, तिथे रंग गोंद लावण्यासाठी खरवडावा लागतो, आणि तिथेच माझी कसर राहिली. त्या वेळी काही दिसले नाही. चौथ्या महिन्यात जोडावर केसाएवढी फट पडली आणि रात्री तिथे उजेडाची बारीक रेघ दिसू लागली. बाहेरून पुट्टी भरून आणि तेवढाच भाग पुन्हा रंगवून ती बुजवली; पण जुळवलेली छटा तिरप्या उजेडात अजूनही वेगळी ओळखू येते. जोडणीनंतर आतून त्या सांध्यावर काळी पुट्टी फिरवायला हवी होती आणि त्यासाठी हात आत जाईल अशी जागा शेवटपर्यंत उघडी ठेवायला हवी होती.

विजेचे काम तुलनेने सरळ आहे. 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर तीन पांढरे एलईडी एका साखळीत जोडले, तर प्रत्येकी 3.1 व्होल्ट धरून 2.7 व्होल्ट उरतात आणि 15 मिलिअँपिअर प्रवाहासाठी 180 ओहमचा रोधक लागतो. मी मुद्दाम याहून मोठे रोधक वापरले, कारण कमी प्रवाहावर दिवे गरम होत नाहीत आणि खिडक्यांतला उजेडही डोळ्यांना खुपत नाही. एकही एलईडी आजवर बंद पडलेला नाही.

बाहेरच्या रंगकामाला आधी लॅकर प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा, उग्र द्रावकातला पायाथर, आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, असा क्रम ठेवला. एअरब्रशचे, म्हणजे रंग हवेने फवारणाऱ्या साधनाचे, तोंड 0.3 मिलिमीटरचे आणि दाब 1.2 ते 1.4 बार. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर थांबून थांबून रंग मारला की आधीचा पट्टा वाळलेला असतो, नवा ओला पडतो आणि मध्ये खरखरीत पट्टी उमटते. म्हणून अ‍ॅक्रिलिकमध्ये वाळणे लांबवणारे रिटार्डर घालणे आणि बशीचा एक अख्खा पृष्ठभाग एका बैठकीत पुरा करणे आवश्यक ठरले. बशी फिरत्या चकतीवर ठेवून मध्यापासून कडेकडे गेलो. प्राइमरचा पहिला हात मला समाधानकारक वाटला नाही, तेव्हा तो 2000 क्रमांकाच्या ओल्या सँडपेपरने घासून पुन्हा दिला. या एका निर्णयाने आठवडा गेला, पण आजही मॉडेलकडे पाहताना सर्वांत जास्त आनंद त्या पृष्ठभागाचाच होतो. लॅकर वापरताना सेंद्रिय बाष्पासाठीचे काडतूस असलेला मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा यांत तडजोड करू नये. साधा कापडी मास्क तिथे काहीही अडवत नाही.

बशीवरच्या जाळीदार रेषांविषयी मतभेद जुने आहेत. मूळ मॉडेलवर वरच्या बाजूला पेन्सिलीच्या अगदी फिकट रेषा होत्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत इतरत्र त्या फार ठळक केल्या गेल्या आणि पुढच्या जतनकार्यात तो ठळकपणा काढून टाकण्यात आला. प्रमाणाचा हिशेब केला तर प्रश्न सुटतो. 1:350 मध्ये 0.3 मिलिमीटर रुंदीची रेघ म्हणजे प्रत्यक्षात साडेदहा सेंटीमीटरची फट, आणि उभा माणूस जेमतेम 5 मिलिमीटरचा. ज्या यानाच्या पत्र्यांमध्ये पाऊल अडकेल एवढ्या फटी आहेत ते अवकाशात कसे जाईल? म्हणून गडद वॉश, म्हणजे रेषांत साचू देण्याचा पातळ गडद रंग, पूर्णपणे टाळला. कठीण शिशाच्या पेन्सिलीने हलक्या रेषा ओढल्या, त्यावर मूळ रंगाचा अतिशय पातळ फवारा मारला, आणि हातभर अंतरावरून त्या जेमतेम जाणवतील इतक्याच ठेवल्या. डाग, गंज, जळल्याच्या खुणाही दिल्या नाहीत. सुरुवातीला काहींना मॉडेल अपुरे वाटले; मला ते तसे कधीच वाटले नाही.

डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांच्या आणि पट्ट्यांच्या, बाबतीत त्यांच्याखाली ग्लॉस क्लिअर कोटाला, म्हणजे चकचकीत पारदर्शक थराला, पर्याय नाही. मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, पृष्ठभागावर लावलेल्या डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी झाक येते, विशेषतः नोंदणी क्रमांकाच्या मोठ्या अक्षरांमधल्या पारदर्शक पट्ट्यांत. मी ग्लॉसचे दोन हात देऊन दोन दिवस वाळू दिले, डिकल मऊ करणारे द्रावण वापरले आणि शेवटी सॅटिनने, म्हणजे मंद चमकेच्या पारदर्शक थराने, सर्व झाकले. मागच्या भागावरील एका लांब पट्टीची कड सातव्या महिन्यात उचलली गेली. तिथे पृष्ठभाग दोन दिशांनी वळतो, आणि द्रावणाचा तिसरा हात देण्याचा कंटाळा मी तिथेच केला होता. बाकी सर्व डिकल रंगवल्यासारखे बसलेले आहेत.

सॅटिन थराविषयी आणखी एक निरीक्षण. तो पिवळा पडलेला नाही, पण बोटांचे तेल पकडतो. जिथे जिथे मी उघड्या हाताने यान उचलले तिथे चकाकते डाग पडले आणि पुसून ते पूर्ण गेले नाहीत. आता सुती हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावत नाही, आणि धूळ मऊ रुंद ब्रशने झटकतो.

दोन्ही इंजिने ज्या बारीक तिरप्या खांबांवर उभी आहेत त्यांची मला सर्वांत जास्त काळजी होती. इंजिनांच्या पुढच्या घुमटांत फिरती पाती आणि मोटर बसवल्यामुळे वजन पुढे सरकते. खांबांत पितळी नळ्या घातल्या होत्या, तारा त्यांतूनच नेल्या, तरीही उजवे इंजिन नऊ महिन्यांत पुढच्या टोकाला सुमारे दोन मिलिमीटर खाली आले आहे. समोरून पाहिल्यावर ते कळते. डाव्या खांबाची नळी मुख्य भागात खोलवर इपॉक्सीने पक्की केली होती, उजवी घाईत कमी खोल बसली. फरक तेवढाच आहे.

मूळ मॉडेलच्या डाव्या बाजूला तारा आत जात असल्यामुळे ती बाजू पूर्ण रंगवलेली नव्हती आणि कॅमेरा प्रामुख्याने उजवीकडून लावला जाई. मी दोन्ही बाजू सारख्याच काळजीने रंगवल्या, आणि उजवे इंजिन सरळ होईपर्यंत यान डावी बाजू पुढे करून ठेवले आहे.