राउटरचं आर्मेचर अमेरिकेतून मागवताना: एका पार्ट्सच्या दुकानाचा रिव्ह्यू

पॉवर टूलचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या एका अमेरिकन ऑनलाइन दुकानाबद्दल हे लिहीत आहोत. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या फर्निचरच्या गाळ्यासाठी तिथून तीन वस्तू मागवल्या होत्या: लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या १२०० वॅटच्या युरोपियन राउटरचं आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग) ९६ डॉलर, त्याला वीज पोचवणाऱ्या कार्बनची एक जोडी १४ डॉलर आणि बिट पकडणारं ८ मिलिमीटरचं कॉलेट ३२ डॉलर. माल १४२ डॉलरचा, वर शिपिंग ४६. राउटरचं हे मॉडेल भारतात विकलंच जात नाही, त्यामुळे इथल्या सर्व्हिस सेंटरने पहिल्याच फोनला हात वर केले.

आधी निकाल. कॉलेट, गिअर, बेस प्लेट, लॉक नट असा लोखंडी माल घ्यायला हे दुकान चांगलं आहे. आर्मेचर, फील्ड कॉइल (मोटरची न फिरणारी वेटोळी), स्विच, स्पीड कंट्रोलचं कार्ड, म्हणजे ज्यात व्होल्टेजचा प्रश्न येतो ते काहीही यांच्याकडून घेऊ नका. चूक कोणाच्याही हातून होते. पण चूक झाल्यावर पलीकडे तुमचा मेल वाचणारं कोणी नसेल, तर सगळा भुर्दंड तुमच्याच माथी येतो.

जे चांगलं आहे तेही सांगायला हवं. पॅकिंग उत्तम होतं. आर्मेचर दोन्ही टोकांना फोमच्या टोप्या घालून स्वतंत्र खोक्यात, कम्युटेटरभोवती (कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांभोवती) पुठ्ठ्याची नळी. कॉलेट तेलकट कागदात गुंडाळलेलं आणि खरोखर ८ मिलिमीटरचंच. हे मुद्दाम सांगायचं कारण, अमेरिकेत पाव इंच (६.३५ मिमी) आणि अर्धा इंच (१२.७ मिमी) ही मापं जास्त चालतात, आणि ५/१६ इंची कॉलेट ७.९४ मिलिमीटरचं असल्यामुळे ते ८ चं म्हणून खपून जाऊ शकतं. आपल्याकडचे ६ मिलिमीटर शँकचे (दांड्याचे) बिट पाव इंची कॉलेटमध्ये कधीही लावू नका. नट आवळला की घट्ट वाटतात, पण पकड अर्धवट असते आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या वेगाला बिट हळूहळू बाहेर सरकतो.

आता आर्मेचर. अडचण अशी की तेच मॉडेल, तेच नाव, तेवढेच वॅट असलेला राउटर अमेरिकेत १२० व्होल्टचा मिळतो आणि युरोपात २३० व्होल्टचा. बाहेरून पाहिलं तर दोन्ही जुळे भाऊ. शाफ्टची लांबी, बेअरिंगची जागा, पंखा, सगळं सारखं. फरक फक्त तारेत. व्होल्टेज निम्मं म्हणून वेढे साधारण निम्मे आणि करंट दुप्पट म्हणून तार जाड: १२०० वॅटला २३० वर सव्वापाच अँपिअरच्या आसपास, १२० वर १०. वेढे निम्मे आणि तारेचा छेद दुप्पट, म्हणजे रेझिस्टन्स जवळपास चौथा हिस्सा. हाच तपासणीचा धागा.

मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही लीड एकमेकींना टेकवून त्यांचं स्वतःचं रीडिंग घ्या, साध्या मीटरला ते ०.२-०.३ ओहम येतं. ते प्रत्येक वेळी वजा करायचं. मग कम्युटेटरच्या बरोबर समोरासमोरच्या दोन पट्ट्यांवर लीड ठेवा. जुन्या आर्मेचरची एक पट्टी उचकटली होती, पण वायंडिंग (तारेचे वेढे) शाबूत होतं. त्याचं रीडिंग २.८ ओहम आलं. नव्याचं ०.७. बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे आलेला माल १२० व्होल्टचा. हे दोन मिनिटांचं काम न करता ते २३० च्या फील्डसोबत बसवलं असतं, तर करंट वाढला असता, वेग वाढला असता, कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं फिरायला लागलं असतं आणि चांगली फील्ड कॉइलही सोबत गेली असती. शिवाय बसवलेला पार्ट परत घ्यायला कोणतंच दुकान तयार होत नाही. जुना पार्ट भंगारात टाकायची घाई का करू नये, याचं उत्तर यातच आहे; तुलना करायला दुसरं काहीही नसतं.

वेबसाइटवर त्या आर्मेचरच्या पानावर फक्त मॉडेलचं नाव आणि ‘या मॉडेलला बसतं’ एवढंच होतं. व्होल्टेज कुठेच नाही. पैसे भरण्याआधी नेमप्लेटचा फोटो जोडून विचारलं होतं: हे २३० व्होल्टच्या मशीनचं आहे ना? उत्तर आलं, तुमच्या मॉडेलला हे बसतं. विचारलं एक, सांगितलं दुसरं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ज्या यादीवरून कर्मचारी उत्तर देतो त्या यादीत व्होल्टेजचा रकानाच नाही.

त्यानंतरची तक्रार अशी सरकली. पहिल्या दिवशी यंत्राने पाठवलेली पोच. तिसऱ्या दिवशी ऑर्डर नंबर मागितला, जो विषयाच्या ओळीतच होता. पाचव्या दिवशी खोक्याचा फोटो हवा म्हणाले. खोक्याला काहीच झालेलं नव्हतं, तक्रार आतल्या वायंडिंगची होती. आठव्या दिवशी कळवलं की विजेचे पार्ट परत घेतले जात नाहीत. त्यांचंच ऑर्डरआधीचं उत्तर त्यांना चिकटवून पाठवल्यावर दहाव्या दिवशी सवलत म्हणून परतीची परवानगी मिळाली: २० टक्के रीस्टॉकिंग (माल परत घेण्याबद्दलची कपात) आणि परतीचं कुरिअर आपल्या खर्चाने. म्हणजे ९६ मधून १९.२० वजा, परतीच्या पार्सलचे ५० डॉलरच्या आसपास वजा, हातात उरणार २७ च्या आत. भरलेली ड्युटी वेगळीच. दर वेळी नवा कर्मचारी, दर वेळी सुरुवातीपासून कहाणी. याला टोलवाटोलवीच म्हणायचं.

फोनचा उपयोग नाही. साइटवर दिलेला टोल फ्री नंबर भारतातून लागत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. आपण गाळ्याचं शटर ओढायच्या वेळी त्यांचा दिवस सुरू होतो. एका मेलचा अर्थ एक दिवस, आणि आपल्या शनिवारी गेलेल्या मेलला मंगळवारच्या आधी उत्तराची आशा धरू नये. म्हणून तक्रारीत एका वेळी एकच मागणी लिहा आणि पहिल्याच मेलमध्ये सगळं द्या: ऑर्डर नंबर, मशीनची नेमप्लेट, आलेल्या पार्टवरचं लेबल, मीटरच्या रीडिंगचे दोन फोटो, त्यांचं जुनं उत्तर.

पैसे शेवटी बँकेमुळे परत आले. कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ या कारणाखाली डिस्प्यूट (व्यवहारावरची तक्रार) टाकला आणि तो टाकल्याचं दुकानाला कळवलं. चार दिवसांत ९६ डॉलर परत, माल परत न मागता. शिपिंग आणि ड्युटी गेली ती गेली. डिस्प्यूटला ठरलेली मुदत असते, त्यामुळे दुकानाच्या गोड मेलवर महिने घालवू नका; आणि ऑर्डरआधी लेखी प्रश्न विचारलेला नसेल तर बँकेपुढे ठेवायला हातात काही नसतं. परदेशी साइटवर कार्ड चालत नसेल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. २०२० पासून नवीन कार्डांवर ते बंदच येतात. फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनावर बँक लावते तो आकार) आणि त्यावरचा जीएसटी हिशेबात धरा.

कस्टमचा भाग दुकानाच्या हातात निम्माच असतो, पण तो निम्माही त्यांनी बिघडवला. इनव्हॉइसवर तिन्ही वस्तूंसाठी नुसतं ‘स्पेअर पार्ट’ लिहिलं होतं. अशा मोघम शब्दावर सहारच्या कुरिअर टर्मिनलवर प्रश्न निघतो आणि पार्सल अडकतं. प्रत्येक वस्तूचं नाव, किंमत आणि एचएस कोड (कस्टमच्या वर्गवारीतला मालाचा क्रमांक) वेगळा हवा. विजेच्या हँड टूलचे पार्ट साधारण ८४६७ खाली, कार्बन ब्रश ८५४५ खाली, बॉल बेअरिंग ८४८२ खाली येतात. ऑर्डर देतानाच हे इनव्हॉइसवर लिहायला सांगा. ‘गिफ्ट’ म्हणून किंवा कमी किंमत टाकून पाठवा असं मात्र चुकूनही सांगू नका. ते खोटं डिक्लेरेशन होतं आणि नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर इनव्हॉइसवरची कमी किंमतच धरली जाते.

ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून लागते. विमानभाडं मात्र मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. इथे भाडं ४६ डॉलर असलं तरी धरायचे २८.४०; विम्याचे १.६०, म्हणजे १७२ डॉलरवर आकारणी. त्यावर बेसिक ड्युटी, सरचार्ज आणि सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). कुरिअरच्या बिलात भाड्याचा पूर्ण आकडा धरलेला दिसला तर विचारा. कुरिअर कंपनी ड्युटी आधी भरते आणि तुमच्याकडून वसूल करताना स्वतःचा आकार लावते, तोही बिलात वेगळा दिसतो.

पार्सलवरचं नाव आणि केवायसीचं नाव एकच हवं. गाळ्याच्या नावाने मागवलं तर आयात व्यापारी ठरते आणि आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) मागतात. तो डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर पॅनवरून मिळतो, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अपडेट करावी लागते. विसरलात तर तो बंद होतो. जीएसटी नंबर असेल तर पार्सल निघाल्याबरोबर कुरिअरला तो कळवा. बिल ऑफ एन्ट्रीवर (कस्टमच्या आयातीच्या कागदावर) तो नंबर नसेल तर आयजीएसटीचं क्रेडिट विसरा. केवायसीची लिंक मेसेजमध्ये आली तर ती न दाबता कुरिअरच्या साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकून तिथून पुढे जा, खोट्या लिंकांचा सुळसुळाट आहे.

चुकीचा माल परत पाठवून ड्युटी परत मिळवायची सोय कायद्यात आहे. न वापरलेला माल दोन वर्षांत परत निर्यात केला तर ९८ टक्के ड्रॉबॅक (भरलेल्या ड्युटीचा परतावा) मिळू शकतो. पण त्यासाठी परतीचं शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद) रीतसर करावं लागतं, माल तोच असल्याची ओळख पटवावी लागते आणि एजंट लावावा लागतो. शंभर डॉलरच्या पार्टासाठी हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

म्हणून मुळात काय मागवायचं ते आधी ठरवा. राउटरच्या आर्मेचरवरची बेअरिंग्ज परदेशी दुकान कंपनीच्या पार्ट नंबरने विकतं, पण त्यांच्या कडेवर ६०८, ६२७, ६०००, ६२०१ असा साधा नंबर कोरलेला असतो. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटवर तेच बेअरिंग चांगल्या मेकचं मिळतं. धुळीच्या कामाला रबर सील असलेलं टू आर एस मागा, पत्र्याच्या शील्डचं डबल झेड नको. ओ रिंग, सर्क्लिप, साधे स्क्रू, केबल यांचंही तेच. कार्बन मागवायचे असतील तर लांबी, रुंदी, जाडी कॅलिपरने मोजा आणि स्प्रिंग, टोपी, वायरची बाजू जुळवा. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत झिजले की बदलायची वेळ झाली. सुट्टी लिथियम बॅटरी मागवूच नका, २०१६ पासून ती प्रवासी विमानाच्या कार्गोतून नेता येत नाही आणि बहुतेक दुकानं पाठवतच नाहीत.

पार्ट शोधताना आकृतीतला क्रमांक आणि पार्ट नंबर यांत गल्लत करू नका. सुटे भाग दाखवणाऱ्या चित्रात आर्मेचरला ३ नंबर असेल तर तो फक्त चित्रातला क्रम आहे. आकृतीही तुमच्याच मशीनची हवी: बॉशच्या नेमप्लेटवर दहा अंक-अक्षरांचा टाइप नंबर असतो, डीवॉल्टवर मॉडेलखाली टाइप १, टाइप २ असं लिहिलेलं असतं, मिलवॉकीला सीरियल नंबरची सुरुवातीची अक्षरं लागतात. हे न पाहता नुसत्या मॉडेलच्या नावावर मागवलं की असा घोळ होतो. युरोपियन मशीनचा विजेचा पार्ट हवा असेल तर जर्मनी किंवा इंग्लंडमधल्या दुकानाकडे पाहा. इंग्लंडमध्ये मात्र बांधकामाच्या साइटवर ११० व्होल्टची मशीन चालतात, तेव्हा तिथेही व्होल्टेज लेखी विचाराच. उत्तरात २३० किंवा २४० हा आकडा लिहून आला नाही, तर पैसे भरू नका.

या राउटरचं जुनं आर्मेचर शेवटी रबाळे एमआयडीसीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे गेलं. नवीन कम्युटेटर, नवीन तार, वार्निश आणि बॅलन्सिंग. देताना जुन्या तारेची जाडी आणि वेढे मोजून लिहून घ्यायला सांगा, आणि बॅलन्सिंगबद्दल स्पष्ट विचारा. ग्राइंडरला थोडं कंपन चालून जातं, राउटरला नाही. परत आल्यावर समोरासमोरच्या पट्ट्यांचं रीडिंग २.७ ओहम आलं, आणि शेजारशेजारच्या सगळ्या पट्ट्यांची रीडिंग एकसारखी होती. नवे कार्बन बसवून आधी दहा मिनिटं बिनलोड, कमी वेगावर चालवलं. अमेरिकेतून आलेलं कॉलेट त्याच मशीनवर आहे.