डुअल मास काढून सिंगल मास फ्लायव्हील: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं जड चाक. डुअल मासमध्ये ते दोन भागांचं असतं, सिंगल मासमध्ये एकच अखंड. गाडी डिझेल, लाखाच्या वर पळालेली. इंजिन बंद करताना खालून ठण्ण आवाज यायला लागला. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या एस्टिमेटमध्ये एक बरी सेकंडहॅण्ड बाईक आली असती. फ्लायव्हीलचा खेळ गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय मोजता येत नाही, पण यांचा निकाल आधीच तयार: "बदलावंच लागेल, सर."

शेवटी नाशिकला अंबडच्या एका मेस्त्रीकडे सिंगल मास किट बसवलं, निम्म्याहून कमी पैशांत. एक लक्षात ठेवा. डुअल मासमध्ये धक्के खाणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या पोटात असतात, म्हणून क्लच प्लेट बहुतेक वेळा बिनस्प्रिंगची. सिंगल मासला स्प्रिंगवाली प्लेटच लागते. "जुनी प्लेट चालेल" म्हणणाऱ्या दुकानातून तसेच बाहेर पडा. बोल्टही नवेच, ते ताणून बसवायचे असतात, जुने परत वापरू देऊ नका.

आता सिंगल मासची खडखड. न्यूट्रलला क्लच सोडला की सुरू, दाबला की बंद. इंजिनाचे धक्के आता थेट गिअरबॉक्सपर्यंत जातात आणि गिअरचे भार नसलेले दाते एकमेकांवर आपटतात. गाडी तापून तेल पातळ झालं की आवाज वाढतो, एसी लावला की आणखी. मुंबई नाक्याच्या सिग्नलला आई म्हणाली, "डिकीत स्टीलचे डबे ठेवलेत का रे?" त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. काच वर, काच खाली, क्लच दाब, क्लच सोड. मेस्त्रीला फोन केला की एकच उत्तर: "साहेब, हे असंच असतं." तेव्हा लिहिलं असतं तर 'घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं.

पण पावसाळ्यात भरल्या गाडीने कसारा घाट चढलो आणि मत बदललं. क्लच स्वच्छ पकडतो, जळका वास नाही. चौथ्यात दीड हजार आरपीएमच्या खाली मात्र गाडी गुरगुरते, तिसरा टाकावाच लागतो. शिवाय पुढच्या क्लचच्या वेळी हे फ्लायव्हील लेथवर घासून परत वापरता येईल. या एका मुद्द्यावर मी खडखड सहन करतो. दिवसभर कॉलेज रोडला सिग्नल ते सिग्नल करणाऱ्याने पैसे मोजून डुअल मासच घ्यावं.

आणि जुनं फ्लायव्हील मेस्त्रीकडे सोडून येऊ नका. चांगलं वजनदार असतं. मी भंगाराचा भाव लावून मजुरीत वळतं करून घेतलं.