सॉक्रेटिसची साखळी की जोडीतली चर्चा?

प्रश्न विचारूनच शिकवायचं, इथवर तुमचं ठरलं असेल तर पुढचा पेच पद्धतीचा. एक सॉक्रेटिसची: एका मुलाला धरून प्रश्नामागून प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच उत्तरातली विसंगती त्याला दिसू द्यायची. दुसरी फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली थिंक-पेअर-शेअर: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गापुढे मांडणी. आठवीच्या गणिताला मी दोन्ही वापरल्या आहेत.

साखळीची ओढ मोठी आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढायचा? मुलगा म्हणतो, बाजू चार फूट. क्षेत्रफळ होतं सोळा. मग म्हणतो तीन, तर नऊ. हवेत आठ. शेवटी तो ‘मला माहीत नाही’ असं कबूल करतो आणि तिथून खरं शिकणं सुरू होतं. चुकीच्या मुळापर्यंत इतकं नेमकं नेणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. मात्र तोच संवाद सावकाश वाचला की दिसतं, मुलाची बरीचशी उत्तरं नुसती होकाराची आहेत, आणि कोडं सोडवणारा कर्ण सॉक्रेटिस स्वतःच काढतो.

माझं घोडं इथेच अडलं. हाच चौरस मी वर्गात घेतला होता, पट ४२. उत्तर चुकलं की मी ‘नक्की?’ म्हणायचो, मुलं उत्तर बदलायची, मला वाटायचं विचार चाललाय. एकदा एका मुलीने कर्णावर चौरस काढायचा असं बरोबर सांगितलं. तिच्याकडून कारण काढून घ्यावं म्हणून मी तिलाही ‘नक्की?’ विचारलं. ‘नाही नाही सर, चुकलं,’ म्हणत ती खाली बसली. ती फळ्यावरच्या चौरसाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. उरलेली ४१ मुलंही तेच करत होती. चेहरा कोरा ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. कुणाला जमतही असेल.

जोडीत बोलताना वाचायला सरांचा चेहराच नसतो. पुढच्या वर्षी चौरस कागद वाटून तोच प्रश्न जोड्यांना दिला. एका बाकावरच्या दोघांनी कागदाचे चारही कोपरे मधोमध दुमडले. ‘हा निम्मा झाला, म्हणजे उलगडला की दुप्पट,’ एक म्हणाला. दुसऱ्याने लगेच विचारलं, ‘निम्मा कशावरून?’

यात गलका होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो, ३५ मिनिटांच्या तासिकेत जेमतेम एक प्रश्न होतो. एक बोलतो नि दुसरा मान डोलावतो, असंही घडतं. म्हणून ‘आधी एकट्याने’ ही पायरी गाळू नका, मिनिटभर वहीत लिहू द्या. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं. जोडीच्या पद्धतीत ही उसंत आपोआप मिळते.

आठ-दहा मुलांचा गट असेल, किंवा एखाद्याचीच गाठ सोडवायची असेल, तर साखळी बहुधा बरी. पट मोठा असेल तर माझा कौल जोडीला. साखळी मी अजूनही अधूनमधून घेतो, पण ‘नक्की?’ सोडून दिलंय. आता बरोबर उत्तरालाही आणि चुकीच्याही ‘कशावरून?’ एवढंच विचारतो. तो शब्द त्या बाकावरून उचललेला आहे.