ओपनव्हर्स : फोटो फुकट, जबाबदारी आपली

संस्थेचा अहवाल, पत्रकं, सोशल मीडियावरच्या पोस्ट या सगळ्यांसाठी फोटो जमवायचं काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे छायाचित्रकार ठेवण्याइतका निधी कधीच नसतो, त्यामुळे गेली काही वर्षं मी ओपनव्हर्स या फुकट वापरता येणारे फोटो शोधून देणाऱ्या वेबसाइटवर अवलंबून आहे. पूर्वी याचं नाव सीसी सर्च होतं आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्सकडे (सीसी) होतं, म्हणजे फोटोसारखं साहित्य ठरावीक अटींवर फुकट वापरू देणारे तयार परवाने बनवणाऱ्या संस्थेकडे. २०२१ मध्ये ते वर्डप्रेसकडे गेलं. ओपनव्हर्सचे स्वतःचे फोटो नाहीत. फ्लिकर, विकिमीडिया कॉमन्स आणि मोठमोठ्या संग्रहालयांनी खुलं केलेलं साहित्य इथे एका जागी शोधता येतं. खातं उघडावं लागत नाही. चित्रं आणि ऑडिओ मिळतात. व्हिडिओसाठी दुसरा दरवाजा ठोठवायचा.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे तयार श्रेयओळ. फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव, परवाना, सगळं जोडून दिलेलं असतं, नुसतं कॉपी करायचं. वेबसाइटसाठी एचटीएमएल वेगळं, छापायला साधा मजकूर वेगळा. आमच्याकडे येणारे स्वयंसेवक श्रेय म्हणून ‘सौजन्य : गूगल’ लिहितात, त्यावर याच्याइतका सोपा उपाय मला दुसरा सापडलेला नाही.

शोधताना ‘व्यावसायिक वापर चालेल’ ही गाळणी मी कायम लावून ठेवते. त्यावरून आमच्या कोषाध्यक्षांशी दर वेळी वाद होतो. “अहो, आपण कुठे नफा कमावतो? आपल्याला एनसीवाले फोटो चालतीलच की!” एनसी म्हणजे नॉन-कमर्शियल, व्यावसायिक वापराला मनाई असलेला परवाना. नाही चालत, म्हणजे सरसकट नाही. एनसी परवाना वापरणारा कोण आहे हे बघत नाही, वापर कशासाठी आहे ते बघतो. जनजागृतीच्या पोस्टरवर असा फोटो बहुधा खपून जाईल. पण तोच फोटो निधीसाठी विकायच्या कॅलेंडरवर छापला, तर आमची नोंदणी ना-नफा असल्याचा आधार पुरणार नाही. आज पोस्टरला घेतलेला फोटो पुढच्या वर्षी कॅलेंडरवर जातोच, म्हणून मी ती भानगड मुळातच टाळते.

आता तक्रारी. पहिली परवान्याच्या आवृत्तीची. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत, म्हणजे २०१३ पासून, एक दिलासा आहे : अटीचा भंग झाला आणि तो लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केला, तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. जुन्या २.० मध्ये ही सवलत नाही. श्रेय चुकलं की परवाना संपला. फ्लिकरवर वर्षानुवर्षं २.० च होतं, आणि ओपनव्हर्सवर फ्लिकरचा माल भरपूर. अशा जुन्या परवान्याचे फोटो टाकून ठेवायचे आणि श्रेयात चूक सापडली की भरपाईची नोटीस धाडायची, असा धंदा करणारेही आहेत. आवृत्तीचा आकडा फोटोच्या पानावर दिसतो, पण आवृत्तीनुसार गाळायची सोय मला कुठे दिसली नाही. हवी होती.

दुसरं, परवाना बरोबर आहे याची हमी ओपनव्हर्स देत नाही, मूळ पानावर जाऊन खात्री करा असं सांगतं. माझ्या मते यात त्यांचं चुकत नाही, पण काम वाढतं हे खरं. मी मूळ पान उघडते, परवाना तोच आहे ना ते बघते, आणि ते पान त्याच दिवशी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या तारखेनिशी प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करते. पुढे मालकाने फोटो काढून टाकला तरी आधी मिळालेला परवाना रद्द होत नाही, पण तो मिळाला होता हे दाखवायला काहीतरी हातात हवं.

तिसरी गोष्ट ओपनव्हर्सच्या हातातली नाही, तरी सांगते. अत्याचार झालेल्या मुलींसाठीच्या पत्रकाला मला एक फोटो मिळाला होता : खिडकीत बसलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी, थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. सीसी बाय ४.०, म्हणजे श्रेय दिलं की वापरता येणारा, श्रेयओळ तयार, पत्रकात अगदी चपखल बसत होता. मी घेतला नाही. परवाना दिलाय छायाचित्रकाराने, तोही त्याच्या हक्कापुरता. त्या मुलीची खासगी बाब त्या परवान्यात येत नाही. तिच्या चेहऱ्याशेजारी आमचा अत्याचाराबद्दलचा मजकूर छापला, तर वाचणारा तिलाच अत्याचार झालेली मुलगी समजणार. विकिमीडिया कॉमन्सवर अशा बऱ्याच फोटोंखाली व्यक्तीच्या हक्कांबद्दल वेगळी सूचना असते. ओपनव्हर्समधून आलात तर ती मूळ पानावर जाईपर्यंत दिसत नाही. शेवटी त्या पत्रकावर रिकाम्या झोपाळ्याचा फोटो गेला, सीसी झिरोचा, म्हणजे श्रेयाचीही अट नसलेला. आम्ही श्रेय दिलंच.

ऑडिओ विभाग मी फारसा वापरलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. फोटोंसाठी पाचपैकी चार गुण. आवृत्तीची गाळणी आली तर उरलेला एकही देईन.