ओली प्लेट की कोरडी? काचेवर फोटो करायला बसण्याआधी

काचेवर स्वतःच्या हाताने फोटो करायचे असतील, तर आधी हा एक प्रश्न सोडवावा लागतो. दोन्ही पद्धती करून पाहिल्यावर मला वाटतं, यात चित्राच्या दर्जापेक्षा तुमच्या वेळेचा प्रश्न मोठा आहे.

ओली प्लेट फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जगापुढे आणली. काच बोटांच्या टोकांवर आडवी धरायची, मधोमध कलोडियन (ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, चिकट थर देणारा द्रव) ओतायचं, एकेका कोपऱ्याकडे कलती करत ते पसरवायचं आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचं. थर चिकटसर झाला की काच तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात, म्हणजे थर उजेड टिपू लागतो. तिथून पुढे श्वास घ्यायला फुरसत नाही. थर ओला आहे तोवर, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन डेव्हलपही करायचा. त्यामुळे कॅमेरा जाईल तिथे अंधारी खोलीही न्यावी लागते. हिराकसाचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, काचभर एका दमात ओतावा लागतो. हात जरा अडखळला की त्याची रेघ चित्रात कायमची राहते. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण. निळसर, दुधाळ, निगेटिव्हसारखं उलट्या छटांचं चित्र त्यात निवळत जातं आणि मागे काळं धरलं की खऱ्या छटांचा चेहरा समोर येतो. कितीही वेळा पाहिलं तरी मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

कोरड्या प्लेटमध्ये कलोडियनची जागा जिलेटिनने घेतली. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी ती वाट १८७१ मध्ये दाखवली. इथे घाई नाही, पण टप्पे पुष्कळ. लाल उजेडात कोमट जिलेटिन आणि ब्रोमाइडमध्ये सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने घालायचं, मिश्रण ऊबेत मुरवायचं, थंड करून गोठवायचं, त्याच्या शेवया पाडून गार पाण्यात धुवायच्या, पुन्हा वितळवून काचांवर ओतायचं आणि अंधारात, धूळ न लागता वाळवायचं. एकदा डझनभर काचा तयार झाल्या की त्या महिनोन्महिने टिकतात; फोटो आज घ्या, डेव्हलप पुढच्या आठवड्यात करा. मात्र हाती येते ती निगेटिव्ह, तिचा प्रिंट वेगळा काढावा लागतो. आणि चूक कळते ती फार उशिरा. माझ्या पहिल्या काचांवरचा थर फिक्सरमध्ये दुधावरच्या सायीसारखा सुटून आला होता. काचेला आधी जिलेटिन आणि क्रोम तुरटीचा पातळ हात दिला असता, तर तो धरून राहिला असता.

वेगात दोन्ही मंदच; सावलीतल्या माणसाला काही सेकंद स्थिर बसवावं लागतं. घरी केलेल्या साध्या प्लेटला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ओठ काळपट येतात आणि निळं आकाश पांढरं.

धोका ओल्या प्लेटमध्ये जास्त. कलोडियनमध्ये ईथर असतं, म्हणून खेळती हवा हवी आणि आसपास ज्योत नको. जुन्या कृतींमध्ये फिक्सर म्हणून पोटॅशियम सायनाइड सांगितलेलं असतं. ते घरात आणू नका, हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) काम चोख होतं. सिल्व्हर नायट्रेट दोन्हीकडे आहे. त्याचे हातावरचे काळे डाग जातात, पण डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल लावल्याशिवाय बाटली उघडू नका.

दिवसभर मोकळे असाल आणि समोर बसायला माणूस तयार असेल, तर ओली प्लेट घ्या. दर वीस मिनिटांनी एक चूक कळते आणि हात लवकर बसतो. नोकरी सांभाळून फक्त रात्रीचे तास मिळत असतील, किंवा डोंगरावर, प्रवासात फोटो घ्यायचे असतील, तर कोरडीच.


काच मात्र दोन्हीकडे सारखीच घासायची: कडा आधी दगडावर बोथट करून, खडूची पूड आणि अल्कोहोल लावून, तोंडाची वाफ तिच्यावर एकसारखी बसेपर्यंत.